स्लोव्हेनियात नऊ रात्री : आल्प्स, सोचा नदी आणि सोबत ६८ वर्षांच्या सासूबाई

मृण्मयी_कोथरूड · १६ मार्च

नमस्कार. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही चौघे (मी, नवरा, १५ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई) नऊ रात्रींसाठी स्लोव्हेनियाला जाण्याचे ठरवत आहोत. स्वित्झर्लंडचा खर्च झेपणारा नाही आणि तिथे जाऊन आलेल्यांची छायाचित्रे इतकी पाहिली आहेत की निम्मी सहल घरीच झाली आहे. आम्हा तिघांना सह्याद्रीत फिरण्याची सवय आहे. हरिहर, रतनगड, हरिश्चंद्रगड नळीच्या वाटेने, असे बरेच काही झाले आहे. सासूबाई रोज पर्वतीवर जातात, पण गुडघ्यांमुळे उतार त्यांना जड जातो.

सध्याचा आराखडा असा आहे : लुब्लियाना एक रात्र, ब्लेड दोन, पोस्तोयना गुहा पाहून समुद्रकाठी पिरान एक, सोचा खोऱ्यातल्या बोवेत्सला दोन, मग त्रिग्लाव शिखरासाठी दोन आणि शेवटी मारिबोर एक. देश एवढासा आहे, म्हणजे अंतरे कमीच असणार, असा आमचा हिशेब आहे. तो बरोबर आहे का, आणि मुलाने त्रिग्लावचा हट्ट धरला आहे तो पुरवावा का, हे कृपया सांगावे.

इसारकाठी · १६ मार्च

मृण्मयीताई, मी गेली अकरा वर्षे म्युनिकला राहतो आणि या काळात आम्ही सहा-सात वेळा स्लोव्हेनियाला गेलो आहोत, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

देश लहान आहे हे खरे. क्षेत्रफळ २०,२७३ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याहून थोडेच अधिक, आणि लोकसंख्या सुमारे २१ लाख. परंतु डोंगराळ देशात नकाशावरचे अंतर आणि गाडीतले तास यांचा काडीचाही संबंध नसतो, हे घाटात गाडी चालवणाऱ्या माणसाला वेगळे सांगायला नको. ब्लेडहून बोवेत्सला जाताना वाटेत व्रशिच खिंड लागते. तिची उंची १,६११ मीटर आहे, म्हणजे आपण गाडीत बसून कळसूबाईच्या माथ्याच्या जवळजवळ बरोबरीला जातो. फरक केवळ ३५ मीटरचा. या रस्त्याला ५० वळणे असून प्रत्येक वळणावर त्याचा क्रमांक आणि उंची लिहिलेली पाटी आहे. क्रान्स्का गोराच्या बाजूची २४ वळणे चढाची, आणि त्यांपैकी बरीचशी दगडी फरसबंदीची. पावसात ती निसरडी होतात, मोटारसायकलवाले घसरतात आणि मागून येणाऱ्याला थांबावे लागते. वरून पुढच्या २६ वळणांनी आपण त्रेन्ता खोऱ्यात उतरतो.

हा रस्ता पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रिया-हंगेरीने रशियन युद्धकैद्यांकडून बांधून घेतला. मार्च १९१६ मध्ये हिमकडा कोसळून त्यांतले कित्येक जण गाडले गेले. मागे राहिलेल्या सोबत्यांनी त्यांच्यासाठी बांधलेले लाकडी प्रार्थनामंदिर आठव्या वळणाजवळ आजही उभे आहे. तिथे पाच मिनिटे थांबावे.

खिंडीच्या माथ्यावर आपण जलविभाजकावर उभे असतो. उत्तरेला पडलेले पाणी सावा नदीतून डॅन्यूबला आणि पुढे काळ्या समुद्राला मिळते. दक्षिणेला पडलेले सोचा नदीतून एड्रियाटिक समुद्रात जाते. घाटमाथ्यावर उभे राहून एक ओहोळ गोदावरीला आणि दुसरा कोकणात कसा जातो हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना इथे एकदम घरच्यासारखे वाटेल.

आता आपल्या आराखड्याबद्दल स्पष्ट बोलतो, राग मानू नये. सहा मुक्काम म्हणजे सहा वेळा सामान बांधणे, आणि सासूबाईंच्या वाट्याला सहलीपेक्षा हॉटेलांचे जिनेच अधिक येतील. मारिबोर काढून टाका. पिरान सुंदर आहे, पण आपण डोंगरांसाठी जात आहात. पोस्तोयना येता-जाता लुब्लियानाहून अर्ध्या दिवसात होते. माझ्या मते दोनच तळ ठेवावेत : पाच रात्री बोहिन सरोवराजवळ आणि तीन रात्री बोवेत्स परिसरात. उरलेली एक रात्र लुब्लियानाला, परतीच्या विमानाआधी.

नीलाक्षी · १७ मार्च

ब्लेड पूर्ण वगळायला सांगताय का? ज्यासाठी लोक तो देश ओळखतात तेच?

इसारकाठी · १७ मार्च

वगळायला नाही, तिथे राहू नये एवढेच म्हणतो. सरोवराभोवतीची सहा किलोमीटरची सपाट वाट, बेटावरच्या चर्चच्या ९९ पायऱ्या, उभ्याने दोन वल्ही मारत नावाडी नेतात ती प्लेत्ना नाव आणि क्रीम-कस्टर्डची ती चौकोनी वडी, हे सारे एका सकाळीत होते. सकाळी आठला पोहोचावे आणि सहलींच्या बसगाड्या येऊ लागल्या की निघावे. बोहिन तिथून ३० किलोमीटरच्या आत आहे, ब्लेडपेक्षा मोठे आहे, आणि काठावर हॉटेलांच्या रांगांऐवजी जंगल आहे. आमच्या हिला मात्र ब्लेडच अधिक आवडते, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. घरात या विषयावर एकमत झालेले नाही.

घाटवाटा_नाशिक · १८ मार्च

त्रिग्लावच्या प्रश्नावर मी लिहितो, कारण मी तिथून शिखर न गाठता परत आलेला आहे.

त्रिग्लाव २,८६४ मीटर. आकडा ऐकून हिमालयात जाऊन आलेला माणूस हसतो. मीही हसलो होतो. स्लोव्हेन लोकांच्या दृष्टीने मात्र हे केवळ शिखर नाही. ते त्यांच्या राष्ट्रचिन्हात आहे, ध्वजावर आहे, त्यांच्या ५० सेंटच्या नाण्यावर आहे, आणि प्रत्येक स्लोव्हेनाने आयुष्यात एकदा तरी वर जायलाच हवे असे ते मानतात. माथ्यावर पत्र्याचा छोटासा मनोरा आहे. याकोब आल्याझ नावाच्या पाद्रीने माथ्यावरची जागा स्वतः विकत घेऊन १८९५ मध्ये तो उभारला. पहिल्यांदा वर आलेल्या माणसाच्या पार्श्वभागावर दोराचे फटके मारून त्याचा 'बाप्तिस्मा' करण्याची तिथे रीत आहे.

आम्ही तिघे पोक्ल्युका पठारावरच्या रुद्नो पोल्येहून निघालो आणि सुमारे सात तासांनी क्रेदारित्सा येथील निवाऱ्याला, म्हणजे २,५१५ मीटरवर, पोहोचलो. तिथपर्यंतची वाट दमवणारी असली तरी अवघड म्हणता येणार नाही. खरा प्रश्न शेवटच्या तास-दीड तासाचा आहे. धाकट्या त्रिग्लाववरून मुख्य माथ्याकडे जाणारी धार अरुंद आहे, दोन्ही अंगांना खोल दरी आहे, आणि वाटभर खडकात लोखंडी खुंट्या व पोलादी तारा ठोकलेल्या आहेत. शिरस्त्राण, हार्नेस आणि तारेला अडकवायचे दोन पट्टे यांखेरीज जाऊ नये. हरिहरच्या पायऱ्या उभ्या आहेत हे कबूल, पण तिथे खोबणीत हात घट्ट बसतो आणि चढाई काही मिनिटांत संपते. इथे एकाग्रता तासभर टिकवावी लागते आणि उतरताना तीच धार थकलेल्या पायांनी पुन्हा पार करावी लागते.

आम्ही पहाटे पाचला निघायचे ठरवले होते. रात्री वारा फिरला, पहाटे दाट धुके होते, आणि निवाऱ्यातल्या मावशींनी चहाचे कप ठेवता ठेवता इतकेच सांगितले की दुपारी वीज पडणार. आमच्यातल्या एकाचे म्हणणे होते की दुपारला अजून वेळ आहे. साडेसहापर्यंत धुके हलले नाही म्हणून आम्ही परत फिरलो. अकराच्या सुमारास आम्ही जंगलाच्या हद्दीत शिरत असताना मागे पहिला गडगडाट झाला. त्या क्षणी पोलादी तारेला धरून धारेवर कोण असेल, हा विचार मनात आला आणि आम्ही बराच वेळ काही बोललो नाही.

मुलाला घेऊन जायचेच असेल तर स्थानिक प्रमाणित वाटाड्या घ्यावा आणि हाताशी एक राखीव दिवस ठेवावा. नऊ रात्रींत, सासूबाईंना दोन दिवस एकटे ठेवून, तो राखीव दिवस आपण कुठून काढणार हे मला दिसत नाही.

अनुस्वार · १८ मार्च

थोडे अवांतर, तरी उपयोगी. स्लोव्हेन भाषेत द्विवचन आजही रोजच्या बोलण्यात जिवंत आहे. 'आपण दोघे जाऊ' याला ते 'ग्रेवा' म्हणतात. शाळेत पाठ केलेले 'गच्छावः' आठवून पाहा, शेवटचा 'व' तोच आहे. मराठीने द्विवचन केव्हाच टाकून दिले, त्यांनी जपून ठेवले. वाटेत समोरून येणाऱ्या प्रत्येकाला 'दोबेर दान' म्हणायचे असते; न म्हणता पुढे गेलेल्याकडे लोक वळून पाहतात.

घाटवाटा_नाशिक · १८ मार्च

वाटांच्या खुणा राहिल्या. देशभर एकच खूण आहे : लाल वर्तुळाच्या आत पांढरा ठिपका, झाडावर किंवा खडकावर रंगवलेला. ती इतक्या नेमाने दिसते की दहा मिनिटे दिसली नाही तर आपण चुकलो असे खुशाल समजावे. आपल्याकडे भैरवगडाच्या रानात दिसणाऱ्या बाणांवर जसा अविश्वास असतो तसा इथे ठेवू नये. दुसरे, तंबू घरीच ठेवा. राष्ट्रीय उद्यानात उघड्यावर मुक्काम करायला बंदी आहे आणि गाडीत झोपले तरी दंड होतो.

मृण्मयी_कोथरूड · २० मार्च

सर्वांचे मनापासून आभार. मारिबोर आणि पिरान काढले. त्रिग्लावबद्दलचा प्रतिसाद मुलाला वाचायला दिला; त्याने दोनदा वाचला आणि 'मग दुसरे काय' असे विचारले, त्यामुळे आता तो प्रश्न आपल्याकडे सोपवते. निवाऱ्यात एक रात्र काढता येईल अशी, पण तारा-खुंट्या नसलेली वाट हवी आहे. शिवाय आम्ही दोघी शाकाहारी आहोत, आणि सासूबाई अंडेही खात नाहीत.

इसारकाठी · २१ मार्च

वाट अशी : बोहिनच्या टोकाला सावित्सा धबधबा आहे (७८ मीटर, पायऱ्या पाचशेच्या वर, त्यामुळे सासूबाईंना आग्रह करू नये). त्याच्या वाहनतळापासून कोम्ना येथील निवाऱ्याला जाणारी जुनी लष्करी वाट सुटते. युद्धकाळात खेचरांवरून रसद नेण्यासाठी ती आखलेली असल्यामुळे चढ सर्वत्र एकसारखा आहे. बीचच्या जंगलातून नागमोडी वळणे घेत अडीच-तीन तासांत आपण १,५२० मीटरवर येतो. तिथून पुढे तितक्याच वेळात त्रिग्लाव सरोवरांच्या खोऱ्यातला निवारा, १,६८५ मीटरवर, दोन तळ्यांच्या मधोमध. तिथे रात्र काढावी आणि दुसऱ्या दिवशी परत यावे. तळ्यांत उतरायला मनाई आहे, मुलाला आधीच सांगून ठेवा.

निवाऱ्यांबद्दल दोन गोष्टी. हे सारे डोंगर चुनखडीचे आहेत. पावसाचे पाणी भेगांतून थेट पोटात जाते आणि उंचावर झरे फार थोडे. म्हणून अंघोळीचा विचार सोडून द्यावा, आणि पिण्याचे पाणी विकत घ्यावे लागेल हे गृहीत धरावे. आपल्या किल्ल्यांवर कातळात टाकी खोदणाऱ्यांची दूरदृष्टी मला तिथे प्रकर्षाने जाणवते. दुसरे, पातळ कापडी झोपपिशवी स्वतःची न्यावी आणि निवाऱ्यात शिरताना बूट बाहेरच्या फळीवर ठेवावेत.

जेवणाची चिंता करू नये. कुट्टूच्या पिठाचे झ्गान्त्सी आणि सोबत वाडगाभर किस्लो म्लेको हे धनगरवस्त्यांवरचे नेहमीचे खाणे आहे. किस्लो म्लेको म्हणजे थोडक्यात दहीच, आणि कुट्टूचे उपवासाच्या पदार्थांशी असलेले नाते सासूबाई लगेच ओळखतील. बोवेत्सकडे 'चोम्पे' मिळतात : उकडलेले बटाटे, त्यावर ताजे मऊ चीज. योता या आंबट कोबीच्या आणि रिचेत या जवाच्या रश्श्यात मात्र बहुधा धुरावलेले डुकराचे मांस असते. 'ब्रेझ मेसा', म्हणजे मांसाविना, असे विचारूनच मागवावे. श्ट्रुक्ली या गुंडाळ्यांत अंडे असू शकते.

सासूबाईंसाठी बोहिनजवळच्या वोगेल डोंगराची रज्जुगाडी सांगेन. काही मिनिटांत १,५३५ मीटरवर नेऊन सोडते, समोर सरोवराच्या पलीकडे त्रिग्लाव, बसायला बाके. शिवाय बोहिनच्या काठाची वाट सपाट आहे. आपण निवाऱ्यात असाल त्या रात्री त्या काठावरच्या खोलीत आरामात राहू शकतील.

गोमेय_परदेशी · २१ मार्च

गाडीबाबत सावध करतो. गेल्या वर्षी आम्ही व्हेनिसला भाड्याने गाडी घेतली. खिडकीवरच्या माणसाने 'सर्व शुल्क समाविष्ट आहे' असे तोंडी सांगितले आणि आम्ही तोंडी मान्य केले. स्लोव्हेनियात महामार्गासाठी इलेक्ट्रॉनिक पथकर-परवाना गाडीच्या क्रमांकावर आधीच विकत घ्यावा लागतो. आता काचेवर चिकटवायचे काही नसते, त्यामुळे तो नाही हे कळतही नाही. कॅमेऱ्याने टिपले, पुढे अडवले, आणि दंड गाडीच्या भाड्याच्या निम्म्याहून अधिक भरावा लागला. कागदावर पाहिल्याशिवाय विश्वास ठेवू नका. ऑस्ट्रियाकडून येणार असाल तर तिथला परवाना वेगळा आणि कारावांके बोगद्याचे शुल्क आणखी वेगळे. आरटीओकडून आंतरराष्ट्रीय वाहन-परवाना काढून न्या.

डॉक्टरीण · २२ मार्च

एक वैद्यकीय मुद्दा कुणीच लिहिला नाही. मध्य युरोपच्या जंगलांत गोचिडांतून मेंदूज्वर आणि लाइम हे आजार होतात, आणि स्लोव्हेनिया त्या पट्ट्यात ठळकपणे येतो. पायघोळ पँट मोज्यांत खोचावी, आणि संध्याकाळी गुडघ्यामागे, काखेत व केसांत एकमेकांना तपासावे. मेंदूज्वरावर लस आहे, पण ती टप्प्याटप्प्याने घ्यायची असते. मार्चमध्ये चौकशी केलीत तर वेळ पुरेल. प्रवासविम्याच्या कागदात गिर्यारोहण वगळलेले नाही ना, हे बारीक अक्षरांत वाचावे. शेंगेन व्हिसासाठी ३०,००० युरोंचे किमान संरक्षण लागते, परंतु तेवढा आकडा आहे म्हणून डोंगरातली सुटका त्यात धरलेली असेलच असे नाही.

मृण्मयी_कोथरूड · ४ ऑक्टोबर

परत आलो. ज्यांनी वेळ काढून लिहिले त्यांना हिशेब देणे भाग आहे.

पाच रात्री बोहिन, तीन बोवेत्स, एक लुब्लियाना, असेच केले. पहिले दोन दिवस पाऊस पडला आणि सरोवर दिसलेच नाही. ढग पाण्यावर टेकले होते. सासूबाईंनी 'लोणावळ्यालाच आलो असतो' असे एकदा म्हटले. तिसऱ्या सकाळी उघडले तेव्हा मात्र वरच्या कड्यांवर ताजा हिमाचा पातळ थर होता, आणि त्या खिडकीपाशी खुर्ची ओढून बसल्या त्या नाश्त्यालाही उठल्या नाहीत.

कोम्नाची वाट अगदी लिहिल्याप्रमाणे निघाली. आम्ही तिघे निवाऱ्याला साडेतीनला पोहोचलो. आत पावसाने ओले झालेले मोजे शेगडीभोवती दोरीवर टांगलेले, त्यांचा वास आणि कोबीच्या रश्श्याचा वास एकत्र. रात्री आमच्या खोलीत बाराजण होते, त्यांपैकी दोघे घोरत होते, आणि एक माझा नवरा होता.

सोचा नदीचे पाणी छायाचित्रात दिसते तसेच खरोखर असते, आम्हाला ती रंगसफेदी वाटत होती. तळाचे पांढरे खडे मोजता येतात आणि पाणी हिरवे-निळे, साबुदाण्यासारख्या अर्धपारदर्शक झाकेचे. राफ्टिंगला जाड निओप्रीनचा पोशाख देतात, तरी हात पाण्यात बुडाला की बोटे काही क्षणांत बधिर होतात. कोल्हाडच्या कुंडलिकेत केलेल्या राफ्टिंगची तुलना केली तर प्रवाहाचा जोर तेव्हा फार वेगळा वाटला नाही. खडकांमधून नाव काढण्याचे कौशल्य मात्र इथे जास्त लागते.

कोबारिदचे युद्धसंग्रहालय कुणी सुचवले नव्हते, ते मी सुचवते. १९१५ ते १९१७ या काळात या एका नदीच्या काठी बारा लढाया झाल्या. संग्रहालयातून बाहेर आलो आणि समोर तेच हिरवे डोंगर होते. मुलाने त्या दिवशी कॅमेरा काढला नाही.

आणि एक अनपेक्षित गोष्ट. बोहिनला आमच्या मुक्कामात उन्हाळी कुरणांवरून गाई खाली उतरवण्याचा उत्सव होता. गळ्यात भल्यामोठ्या घंटा, शिंगांवर फुलांचे मुकुट, मागून पारंपरिक पोशाखातले गुराखी. आमच्याकडे पोळा नुकताच होऊन गेला होता. सासूबाई गर्दीत पुढे शिरल्या आणि एका गाईच्या कपाळाला हात लावून आल्या. गुराख्याने काहीतरी विचारले, त्यांनी मराठीत उत्तर दिले, दोघेही समाधानी दिसले.

घाटवाटा_नाशिक · ४ ऑक्टोबर

वा, ताई. आणि चिरंजीवांचे त्रिग्लाव?

मृण्मयी_कोथरूड · ५ ऑक्टोबर

निवाऱ्यांवर शिक्का आणि शाईची गादी ठेवलेली असते, हे त्याला कोम्नाला कळले आणि त्याने तिथेच छोटी वही विकत घेतली. आता तिच्यात दोन शिक्के आहेत, कोम्नाचा आणि सरोवरांच्या निवाऱ्याचा. तिसरा व्रशिच खिंडीतल्या निवाऱ्यावर मिळत होता. तिथवर आपण गाडीत बसून आलो, तेव्हा तो घेता येणार नाही, असे त्याने स्वतःच ठरवले.